क्षेत्रभेट : आजी

प्रतिक्षाच्या लग्नात वादळ आलं आणि मांडव उडून थेट गावतलावात पडला. अर्धे वऱ्हाडी जेवले, अर्धे मांडव काढायला पाण्यात उतरले. ही गोष्ट त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. प्रतिक्षा म्हणजे कोंढ्याच्या डोमाची धाकटी मुलगी. त्या मोहल्ल्यात आजही पोराचं वय काढायचं असो की म्हशीचं, 'मांडव बुडाला तेव्हा' इथूनच मोजायला सुरुवात होते.

त्या उन्हाळ्यात जवाहरनगरच्या एका क्वार्टरमध्ये, दोन खोल्या आणि एक व्हरांडा एवढ्या क्षेत्रात, गृहशिक्षण लागू झालं. विद्यार्थी दोन. गुड्डी नुकतीच दुसरीत गेली होती आणि मोनू अजून कशातच गेला नव्हता. व्यवस्थापन मात्र भरपूर होतं. मुलांचा बाप प्रफुल्ल, म्हणजे डोमाचा थोरला, कारखान्यात तपासणीच्या कामावर होता. तिथे कोणतीही वस्तू तीन जणांनी पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. ते योग्यच आहे, दारूगोळ्याला ते शोभतं. प्रफुल्लला वाटलं, पोरांनाही शोभेल.

डोमाला यातलं काही ठाऊक नव्हतं. बुद्धपौर्णिमेची खीर खाऊन झाली की जवाहरनगरला जायचं आणि नातवंडं कोंढ्याला आणायची, हा त्याचा दरवर्षीचा नेम. यंदा मात्र घाई होती. तुळसाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, पायांवर हिवाळ्यापासून सूज होती. ती हळूहळू चेहऱ्यापर्यंत चढली. भंडाऱ्याच्या डॉक्टरने तपासलं, धाकट्या अतुलला बाजूला नेऊन काही बोलला आणि परत येऊन हसत म्हणाला, "आजीला जे आवडतं ते द्या."

तुळसाला फसवणं सोपं नव्हतं. घरी येताच तिने डोमाला सांगितलं, "आवडते ते द्या म्हने डाक्टर. मले माहे पोट्टे आवडतात. जा, घेऊन ये. अन् त्यायले घेतल्याबिगर येजो नको." आंबे तिने आधीच तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, पिकत घातले होते.

दोन बसा बदलून, रस्त्यावर उतरून, उन्हात पाय ओढत डोमा क्वार्टरशी पोचला तर दारावर पुठ्ठा लटकत होता. त्याने एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचला. 'गृहशाळा सुरू आहे. शांतता राखा.' डोमाने चपला काढल्या, टोपीने घाम पुसला आणि पायरीवर बसून राहिला. दार वाजवलं नाही.

याचं नवल वाटून घेऊ नये. डोमा आणि तुळसा दोघंही शाळेत गेले नव्हते. प्रफुल्ल चौथीत असताना गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा दोघं पाटी घेऊन विहाराच्या ओट्यावर बसू लागले. तुळसा सरसर पुढे गेली, डोमा जोडाक्षरात रुतला. त्या दिवसापासून त्या घरात 'अभ्यास' या शब्दापुढे कोणाचं चालेनासं झालं. पोरं वाचायला बसली की तुळसा धान कांडायची थांबे. पाहुणा आला तर ओठावर बोट ठेवून त्याला अंगणातल्या बाभळीखाली बसवी. प्रफुल्लच्या दहावीत निवडणुकीचा उमेदवार मत मागायला आला, त्यालाही तिने बाभळीखालीच बसवला. तो निवडून आला आणि पुन्हा त्या बाभळीकडे फिरकला नाही. पण प्रफुल्ल पास झाला, कारखान्यात लागला, आणि तुळसाच्या मते हिशेब बरोबर सुटला.

तर डोमा पायरीवर बसला. शेवटी गुड्डीनेच खिडकीतून पाहिलं.

"आबाजी, तुम्ही आत्ता काहून आले? आत्ता भाषा आहे. सुट्टी झाल्यावर या ना!"

सुट्टी झाली, दार उघडलं. सून रत्नमाला पाया पडली, पाणी दिलं आणि एक स्टीलचा डबा पुढे केला. "मामाजी, मोबाईल याच्यात टाका. गेटवर जमा करतात ना कारखान्यात, तसंच केलं यायनं. अभ्यासाच्या वेळी घरात मोबाईल नाही." डोमाने आपला बटणांचा फोन डब्यात टाकला. मोनूने त्याला पावती म्हणून सोडावॉटरच्या बाटलीचं झाकण दिलं आणि दम भरला, "हरवाचं नाही हं, आबाजी. हरवलं तं मोबाईल नाही भेटत."

संध्याकाळी प्रफुल्ल ड्यूटीवरून आला तेव्हा त्याने बापाला भिंतीसमोर उभं केलं. भिंतीवर वेळापत्रक होतं, रंगीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. सुट्टी लागल्यावर त्याचा पहिला मसुदा झाला, मग सुधारित मसुदा, मग सुधारित मसुद्यावरच्या सूचना. अंतिम मसुदा भिंतीवर लागेपर्यंत सुट्टीचे बरेच दिवस निघून गेले होते. त्या दिवसांत पोरं नुसतीच खेळली. ते नुकसान भरून काढायला आता रविवारचाही अर्धा दिवस घेतला होता.

डोमा बोट फिरवत वाचत गेला. भाषा. गणित. मुक्त खेळ, कंसात 'नियोजित'. निसर्ग निरीक्षण. हे दुपारी टीव्हीवर व्हायचं; कुठल्यातरी परदेशातल्या जंगलातली माकडं दाखवत. बाहेर कडुनिंबावर कोकिळा ओरडे, तिच्यामुळे निरीक्षणात व्यत्यय येतो म्हणून खिडकी लावून घेत. पुढच्या चौकोनावर डोमाचं बोट अडकलं. जोडाक्षर नव्हतं, तरी अडकलं.

"कंटाळा? हे काय होय गा?"

"तासच आहे तो, बाबा. लेकरायले कंटाळा येऊ देणं जरुरी आहे. एक मॅडम सांगत होत्या व्हिडिओत. त्यातून डोकं चालते म्हणते."

"मंग येऊ दे ना. तासात कायले बांधून ठेवला?"

"असाच येऊ दिला तं किती आला, बरोबर आला का नाही, कसं समजन?"

रत्नमाला पोळ्या लाटता लाटता काळजीने म्हणाली, "गुड्डीचं ठीक आहे, मामाजी. भिंतीकडे पाहून मस्त बसते. मोनू कंटाळ्यात लय कच्चा आहे. एक मुंगी दिसली का झालं!"

मोनूसाठी शेजारच्या चंद्रकुमारांकडे कंटाळ्याची जादा शिकवणी लावली होती. चंद्रकुमार प्रफुल्लच्याच विभागात होते. त्यांच्या घरी कंटाळा लवकर आणि हमखास येतो, असा साऱ्या लाइनीत लौकिक होता.

वेळापत्रकाच्या तळाशी शनिवार संध्याकाळच्या चौकोनात 'आजी-आबाजी (व्हिडिओ कॉल)' लिहिलं होतं. आपण कागदावर आहोत याचं डोमाला क्षणभर बरंच वाटलं. मग तो ज्यासाठी आला होता ते बोलायला त्याने घसा साफ केला. सूज, डॉक्टर, तणसातले आंबे, सगळं त्याने बसमध्ये बसून ओळीने लावून ठेवलं होतं.

"तुही माय बरी नाही, प्रफुल्ल. लेकरायले पाहू म्हणते. आठ दिवसाले घेऊन जातो."

प्रफुल्लचा चेहरा पडला. माय त्याचीच होती. "मी परवा अतुलले फोन केला होता. तो म्हणे, गोळ्या सुरू आहेत..." तो भिंतीकडे वळला. "पन बाबा, आता मधातच नेले तं अभ्यास बुडन ना."

"अभ्यास नोको बुडवू," डोमा म्हणाला.

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. तीस वर्षांची सवय त्याच्या तोंडून बोलून गेली होती आणि ओळीने लावलेलं सगळं जागच्या जागी राहिलं.

शनिवारी व्हिडिओ कॉल झाला. तिकडे अतुलने मोबाईल धरला होता आणि खाटेवर उशीला टेकून तुळसा बसली होती. चेहरा एवढा सुजला होता की डोळे बारीक झाले होते. पण ती हसली. "काय करून राहिली माही चिमणी?"

गुड्डी ताठ बसली. "आजी, मी तुले तीन प्रश्न विचारणार. पहिला प्रश्न. तुझ्या लहानपणी वाहतुकीची साधने कोणती होती?"

"पाय होते, माय," तुळसा म्हणाली. "मोनू कुठी आहे वो? दिसून नाही राहिला."

मोनूचा नंबर अजून आला नव्हता. तुळसा पहिल्या प्रश्नावरच लांबली. तलावाच्या पाळीवरून माहेरी कशी जायची, वाटेत रानातली चारं, म्हणजे चारोळीची फळं, कशी खायची, पाऊस आला तर पळसाचं पान डोक्यावर कसं धरायची ते सांगत बसली. मधेच घड्याळाचा गजर झाला. रत्नमालाने सासूला नमस्कार केला. "उरलेले दोन पुढच्या शनिवारी, आत्याबाई."

डोमा मागून ओरडला, "तुळसा, खरं सांग, कसं वाटून राहिलं?"

"मी बरी आहो. त्यायचा अभ्यास होऊ द्या," तुळसा म्हणाली. "अन् तुमी काहून बसले तिथं? घेऊन या ना लेकरायले." दोन्ही गोष्टी ती एका दमात बोलली आणि त्यात काही विसंगत आहे असं तिला वाटलं नाही.

त्यावर प्रफुल्लने मार्ग काढला. तो दगडाच्या काळजाचा नव्हता. अभ्यास न बुडवता आजीला भेटायचं तर भेटीलाच अभ्यास करायला हवं. त्याने 'क्षेत्रभेट : आजी' असा विषय रविवारी पालकांच्या समन्वय बैठकीपुढे ठेवला. लाइनीतल्या चार क्वार्टरांनी मिळून ही बैठक उभी केली होती. अध्यक्षपद चंद्रकुमारांकडे होतं, कारण खुर्च्या त्यांच्याकडे होत्या. डोमाला माहितगार म्हणून बोलावलं.

"काकाजी, भेटीचं उद्दिष्ट काय?" चंद्रकुमारांनी विचारलं.

"लेकरं आजीले भेटन."

"ती कृती झाली. उद्दिष्ट?"

डोमाने विचार केला. "आजी लेकरायले भेटन."

चंद्रकुमारांच्या पत्नी रिताताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "म्हणजे काकाजी, तिथं लेकरं शिकतील काय?"

"चारं खातील. फळ खाऊन बी थुकाची असते, ते शिकतील."

"सूक्ष्म स्नायूंचा विकास," चंद्रकुमार म्हणाले. प्रफुल्लने लिहून घेतलं.

"तलावात पाय सोडून बसतील."

"जलस्रोत परिचय."

"आजीच्या मांडीवर डोकं ठेवून निजतील."

पेन थांबलं. हे कोणत्या विषयात घ्यावं यावर बराच खल झाला. रिताताईंनी आरोग्य सुचवलं. एकाने त्याला उघड्यावर झोपण्याची सवय म्हटलं. अखेर ते 'इतर' मध्ये टाकलं आणि 'इतर' ला वेळ उरला नाही म्हणून वगळलं. मग धोक्यांचा आढावा झाला. विहीर, विंचू, ऊन, आणि चंद्रकुमारांनी नम्रपणे लक्षात आणून दिलं त्याप्रमाणे, आजारी माणसाजवळ मुलांच्या मनावर होणारा परिणाम.

"कायचा परिणाम?" डोमा म्हणाला. "आजी आहे ते. विंचू नोहे."

"तसं नाही, काकाजी. आपण फक्त नोंद घेऊन राहिलो."

नोंद घेतल्यावर ठरलं की मुलांना आधी घरीच ग्रामीण वातावरणाची सवय लावावी, आणि त्यासाठी काकाजींनी एक नमुना पाठ द्यावा. बुधवारी डोमाने चार घरच्या पोरांना व्हरांड्यात बसवून कोल्ह्याची गोष्ट सांगितली. कोल्हा पाटलाच्या वाडीत काकड्या खायला शिरतो, पोट फुगून कुंपणात अडकतो, वरून कुत्रं येतं, मग तो एवढ्या मोठ्याने पादतो की कुत्रंच पळून जातं. पोरं लोळली. मोनूला हसून उचकी लागली, ती पाणी पाजल्यावर थांबली.

शेरा संध्याकाळी आला. आवाज उत्तम. हावभाव उत्तम. बोध अस्पष्ट.

"कोल्हा शेवटी काय शिकला, काकाजी?"

"कोल्हा काहून शिकन बुवा? तो पळाला. पळाले भेटलं तं शिकते कोन?"

हे उत्तर शेऱ्याखाली नोंदवण्यात आलं. रात्रीच्या जेवणात डोमाने ताटावरून हात काढला. "प्रफुल्ल, मी उद्या एकटाच जातो गा. तिथं ते बुढी वाट पाहून राहिली."

"झालं, बाबा, झालं!" प्रफुल्लने त्याचा हात धरला. "रविवारची मंजूर झाली भेट. चारही घरं जाऊन राहिलो, गाडी भी सांगितली. शुक्रवारी उजळणी आहे अन् शनिवारी सकाळी चाचणी. चाचणी झाली का मोकळे. मी मायले फोनवर सांगतो, लय खूश होईल. लेकरं घेतल्याबिगर येऊ नको म्हणते ना ते? मंग रिकामा कायले जाता?"

डोमा थांबला. दार कोणी अडवलं नव्हतं, गाडीभाडं खिशात होतं, बस रस्त्यावर मिळत होती. पण शनिवारी चाचणी होती.

शनिवारी सकाळी फोन डब्यात गेले. प्रफुल्लला सुट्टी होती, म्हणून तपासणी स्वतः त्याच्याकडे होती. गुड्डीने जलस्रोत ओळखले. वाहतुकीच्या साधनांमध्ये तिने 'पाय' लिहिलं. ते चूक धरलं. डोमा व्हरांड्यात बसून बाटलीचं झाकण बोटांत फिरवत होता. डबा आतल्या खोलीत गादीखाली होता, कारण तो थरथरला तरी मुलांचं लक्ष उडतं, हे पहिल्याच आठवड्यात निदर्शनास आलं होतं.

मधली सुट्टी झाली. मोनूने झाकण घेतलं, डबा उघडला आणि फोन आजोबाच्या हातात देत म्हणाला, "आबाजी, हा गरम झाला."

कोंढ्याला काय झालं ते अतुलने नंतर सांगितलं. तुळसाने सकाळी पेज घेतली नाही. म्हणाली, फोन लाव, आज शनिवार आहे, पोट्टीचे दोन प्रश्न राहिले. अतुलने प्रफुल्लला लावला, मग बापाला लावला, मग वहिनीला. "उचलून नाही राहिले, माय." पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा लावला. दम लागला होता, तरी ती त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "राहू दे बाबू. अभ्यास सुरू असन. सुट्टी होऊ दे, मंग लावजो."

चार घरांसाठी सांगितलेली गाडी एक दिवस आधी आली आणि एकाच घराला घेऊन गेली. वाटेत मोनूने विचारलं, "आता क्षेत्रभेट आहे का?" कोणी नाही म्हणालं नाही.

अंगणात बाभळीखाली माणसं जमली होती. त्रिशरण, पंचशील झालं. अतुल रडत होता, प्रतिक्षा सासरहून आली ती दारातच कोसळली, आणि प्रफुल्ल मायच्या पायांजवळ बसून तिच्या सुजेवर बोट दाबून पाहत होता. खळगा पडे आणि भरून यायला वेळ लागे. असं तो पुन्हा पुन्हा करत होता. त्या कल्लोळात गुड्डी आणि मोनू पांढरे कपडे घालून भिंतीशी सरळ बसले होते. रडले नाहीत, हलले नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मोनूच्या पायावरून मुंग्यांची रांग गेली, त्याने बघितलंही नाही. कंटाळ्याच्या तासात तो त्या दिवशी पहिल्यांदा पास झाला.

संध्याकाळी गुड्डी आजोबाच्या जवळ सरकली. "आबाजी, दोन प्रश्न राहिले. ते आता कोणाले विचारू?"

डोमा उठला, तणस बाजूला केलं आणि दोघांच्या हातात एकेक आंबा दिला. मोनूने तो हातात धरून ठेवला आणि आईकडे बघून विचारलं, "खाऊ का? आत्ता कोणता तास आहे?"

मौतीला आलेल्या लोकांत या लेकरांचीच चर्चा होती. "काय वळण लावलं गा! आमचे पोट्टे असते तं मयतीत भी धिंगाणा केला असता," शेजारचा जागेश्वर म्हणाला आणि प्रफुल्लजवळ जाऊन हळूच विचारलं, "सगळं होऊ दे आधी, घाई नाही. पन ते टाइमटेबल मले पाठवशील का?" प्रफुल्लने मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाठवलं. जागेश्वरने साळ्याला पाठवलं, साळ्याने पुढे पवनी गावात. या उन्हाळ्यात ते ज्यांच्या भिंतीवर लागलं त्यातल्या पुष्कळांना आजी आहेत. आणि तुम्ही, जे हे वाचत आहात, तुम्हालाही ते बहुतेक येऊन पोचलंच असेल. नसेल तर लाजू नका, कोणाकडेही मागा, मिळेल. चांगली गोष्ट आहे. फक्त आता जो फोन वाजतो आहे तो हे वाचून झाल्यावर उचला. वाचन हाही अभ्यासच आहे.

तुळसा, डोमाची बायको, राहणार कोंढा, शनिवार दिनांक २४ मे २०२५ रोजी सकाळी, मधल्या सुट्टीच्या थोडं आधी वारली.